एका लसीचा हिशेब

सरकारी कारकुनाचे निम्मे आयुष्य छापील नमुने भरण्यात जाते आणि उरलेले निम्मे इतरांनी भरलेल्या नमुन्यांतील चुका काढण्यात जाते. अशा माणसाला एखादा छापील कागद अस्वस्थ करील, हे कोणास खरे वाटणार नाही. परंतु गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी एक चारपानी नमुना आला आणि त्यातील एका रकान्याने आम्हांस जे विचारात पाडले, त्यातून आम्ही अद्याप पुरते बाहेर आलेलो नाही. आमच्यासारखेच बदलीच्या निमित्ताने परप्रांतात राहणारे जे वाचक हे मासिक वाचतात, त्यांच्यापुढे ती कैफियत मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा पुण्यास बारावी होऊन अमेरिकेतील एका विद्यापीठात शिकावयास निघाला होता. निघण्यापूर्वी पंधरा दिवस मामाकडे राहावे म्हणून तो लखनौस आला. मामाचे गाव म्हणजे वृंदावन योजना. ज्या नातलगांनी ही वसाहत पाहिलेली नाही, त्यांना पत्त्यावरील नाव वाचून यमुनाकाठ आणि कदंबवृक्ष आठवतात. वस्तुतः रायबरेली रस्त्यालगत उत्तर प्रदेशाच्या आवास विकास परिषदेने आखलेली ही वस्ती. येथे कुंज नाहीत, सेक्टर आहेत; आणि २०२० साली संरक्षण-सामग्रीचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा याच वृंदावनात रणगाडे उभे होते. आम्हां मराठी माणसांना वृंदावन म्हटले की अंगणातील तुळस दिसते. ती आमच्या सौभाग्यवतीने रंगाच्या रिकाम्या डब्यात लावून सज्जात ठेवली आहे. असो.

विद्यापीठाच्या त्या नमुन्यात विद्यार्थ्याच्या सर्व लसींची नोंद मागितली होती. गोवर, धनुर्वात, घटसर्प, कावीळ. हे रकाने बहिणीने जपून ठेवलेल्या पिवळ्या पडलेल्या कार्डावरून भराभर भरले गेले. एक रकाना मात्र रिकामा राहिला. वसतिगृहात राहणाऱ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याने मेनिंगोकोकल लस घेतलेली असली पाहिजे, असे तेथे लिहिले होते. ही लस भाच्याने घेतली नव्हती, कारण आपल्या देशाच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ती नाही. बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटनाही ती सरसकट सर्व मुलांना द्या असे सांगत नाही. ज्यांची प्लीहा काढलेली आहे, ज्यांची प्रतिकारशक्ती जन्मतः उणी आहे, किंवा ज्यांना रोगाचा प्रादुर्भाव असलेल्या प्रदेशात जावयाचे आहे, अशांसाठीच तिची शिफारस आहे.

तेव्हा एका रविवारी संध्याकाळी भाच्याला घेऊन आम्ही तेलीबागेच्या रस्त्यावरील एका मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. आमची दहा वर्षांची कन्याही हट्टाने बरोबर आली. डॉक्टरांनी लस मागवून शीतकपाटात ठेवली होती. किंमत पाच हजारांच्या घरात. भाच्याने बाही वर केली, सुई टोचली गेली, दाखल्यावर शिक्का पडला. आता उठावयाचे, एवढ्यात कन्येने विचारले, "बाबा, मला नाही का टोचायची?" डॉक्टरांना मराठी येत नाही, पण तिने स्वतःच्या दंडावर ठेवलेले बोट त्यांना समजले. ते हसून म्हणाले, "भैया के कॉलेज ने माँगी है, बिटिया. तुमसे किसी ने नहीं माँगी."

उत्तर अगदी सरळ होते. घरी येईपर्यंत ते आमच्या कानांत घुमत राहिले.

प्रथम रोगाविषयी. आपण मराठीत मेंदूज्वर म्हणतो आणि येथील लोक दिमागी बुखार म्हणतात, त्या एका शब्दाखाली चार निराळे रोग नांदतात. आम्ही म्हणतो तो मेंदूच्या आवरणांना सूज आणणाऱ्या एका विशिष्ट जंतूचा रोग. १८०५ साली जिनीव्हा शहरात त्याची साथ आली, तेव्हा व्ह्यूसो नावाच्या डॉक्टराने तिचे वर्णन लिहून ठेवले. आणि जंतू सापडला १८८७ साली, व्हिएन्नाच्या वाइक्सेलबाउम यांना. सकाळी ताप, दुपारी डोकेदुखी व वांती, रात्री मान ताठ आणि अंगावर जांभळे ठिपके, असा तो झपाट्याने चढतो. उपचार मिळूनही दहा रुग्णांत एकाच्या आसपास दगावतो. जे वाचतात त्यांतील काहींचे कान जातात, काहींची बोटे किंवा पाय कापावे लागतात. आणि सर्वांत विलक्षण गोष्ट ही की, हा जंतू धडधाकट माणसांच्या घशात कसलाही त्रास न देता मुक्काम करून असतो. दहांतील एखाद्या माणसाजवळ तो सापडतो, आणि सर्वांत अधिक सापडतो तो सोळा ते वीस-बावीस वर्षांच्या तरुणांत. ते एकत्र राहतात, एकमेकांच्या पेल्यातून पितात, मोठमोठ्याने बोलतात. त्यांना स्वतःला काही होत नाही, निदान बहुतेकांना नाही; पण त्यांच्या घशातून तो घरातील तान्ह्या भावंडाकडे जातो. ज्याच्याजवळ रोगाचे बीज आहे तो निरोगी, आणि ज्याला तो होतो त्याने कोणाचे काही केलेले नाही.

म्हणूनच या लसीचा कार्यक्रम किशोरवयीन मुलांपर्यंत नेण्यात येतो, आणि येथेच नीतीचा प्रश्न उभा राहतो. १९९९ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने 'सी' प्रकारच्या जंतूवरील नवी लस अर्भकांपासून सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांना देण्यास सुरुवात केली. या नव्या लसीत जंतूच्या कवचातील शर्करेला प्रथिनाची जोड दिलेली असल्याने ती रोगापासून वाचवतेच, शिवाय घशातील मुक्कामही उठवते. थोड्याच वर्षांत असे दिसले की, ज्यांनी लस घेतली नव्हती त्यांच्यातही त्या प्रकारचा रोग सुमारे दोन-तृतीयांशांनी कमी झाला. म्हणजे सुई टोचली गेली पंधरा वर्षांच्या शाळकरी पोराच्या दंडाला, आणि वाचले कोणा अनोळखी बाईचे चार महिन्यांचे मूल.

आमच्या कार्यालयातील एक ज्येष्ठ सहकारी काही वर्षांपूर्वी हजला जाऊन आले. १९८७ साली हजच्या गर्दीतून हा रोग पसरला, २००० व २००१ साली तो दुसऱ्या प्रकाराने पुन्हा पसरला आणि यात्रेकरूंबरोबर देशोदेशी गेला. तेव्हापासून चार प्रकारांवरील लस घेतल्याखेरीज तेथे जाता येत नाही. म्हणून आपल्या सरकारच्या वतीने यात्रेकरूंना ती टोचली जाते. आम्ही त्यांना सहज विचारले की, सुई घेताना काय वाटले? ते म्हणाले, त्या गर्दीत आपल्या श्वासाने कोणाला इजा होऊ नये, एवढी काळजी घेतल्यावाचून यात्रा ती कसली? लसीकरणावरील कोणत्याही सरकारी पत्रकात आम्ही इतके नेमके वाक्य वाचलेले नाही.

आपल्या दंडावर दुसऱ्याचे रक्षण वाहून नेण्याची ही कल्पना काही नवी नाही. देवीची लस हिंदुस्थानात प्रथम आली ती मुंबईत. बगदादहून बसऱ्याला आणि बसऱ्याहून जहाजाने आलेल्या लसीने १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आले. त्या काळी शीतकपाट नव्हते. एका मुलाच्या दंडावर आलेल्या फोडातील लस काढावयाची, दुसऱ्याच्या दंडात घालावयाची. आठवडाभराने त्याच्या दंडावरून तिसऱ्याच्या. अ‍ॅनाच्या दंडावरून पाच मुलांना लस मिळाली आणि तेथून ती पुण्याकडे, सुरतेकडे, हैदराबादेकडे गेली. त्या तीन वर्षांच्या मुलीला कोणी विचारले असेल असे वाटत नाही. तिचा दंड सबंध देशासाठी कामी आला. आमच्या आईच्या दंडावर देवी टोचल्याचे रुपयाएवढे दोन वण आहेत. आमच्या दंडावर ते नाहीत, कारण १९७७ साली देश देवीमुक्त जाहीर झाला. आमचा दंड कोरा राहिला तो लाखो अनोळखी दंडांवर वण उमटले म्हणून. हे ऋण मान्य करावयास फारसे तत्त्वज्ञान लागत नाही.

अडचण पुढे आहे. ऋण मान्य केले म्हणजे आमच्या कन्येसाठी पाच हजारांची लस घेणे हे कर्तव्य ठरते काय?

पहिल्या रात्री आम्ही स्वतःला असे समजावले की, ही लस इतरांचेही रक्षण करते, तेव्हा ती विकत घेणे हे एका परीने समाजकार्यच होय. सकाळी दाढी करताना हा युक्तिवाद फुसका वाटू लागला. इतरांचे रक्षण होते ते हजारो मुलांनी एकदम लस घेतली तर. साऱ्या लखनौत आमची एकटी मुलगी सुई टोचून घेते, तेव्हा रक्षण होते ते तिचेच. बाकीचा परोपकार आम्ही स्वतःच्या समाधानासाठी जोडला होता. शिवाय 'बी' प्रकारच्या जंतूवर जी निराळी लस आहे, ती घशातील मुक्काम उठवीत नाही असे ऑस्ट्रेलियात हजारो किशोरांवर केलेल्या पाहणीत दिसून आले आहे. तिच्या बाबतीत तर हा युक्तिवाद मुळीच टिकत नाही.

मग आम्ही दुसऱ्या टोकास गेलो. जे शेजारच्या मुलास मिळत नाही, ते आपल्या मुलास देऊ नये. आमच्याकडे धुण्याभांड्याला जी बाई येते, ती मूळची देवरियाकडची. २००५ साली गोरखपूर व आसपासच्या जिल्ह्यांत जपानी मेंदूज्वराने हजाराहून अधिक मुले नेली, त्यांत तिचा एक भाऊ गेला. त्या वेळी ती स्वतः लहान होती. एका खाटेवर तीन-तीन मुले होती, इतकेच ती सांगते. पुढे सांगत नाही. त्या कहरानंतर २००६ मध्ये सरकारने चीनहून लस आणवून तेथील एक ते पंधरा वर्षांच्या मुलांना टोचली, आणि पुढे ती प्रादुर्भावाच्या जिल्ह्यांत नेहमीच्या कार्यक्रमात आली. त्या बाईची मोठी मुलगी आमच्या कन्येच्याच वयाची. आमच्या मुलीने पाच हजारांची सुई घ्यावी आणि त्या मुलीने घेऊ नये, हे कोणत्या न्यायात बसते?

हा विचार उदात्त वाटला, पण तोही तपासून पाहिला पाहिजे. आपल्या मुलीला न टोचल्याने त्या मुलीचे काय भले होणार? उपास आमचा आणि भूक मुलीची, असा तो प्रकार. समाजाच्या विषमतेबद्दल आम्हांस खेद असेल तर त्याची किंमत आम्ही आमच्या पदरची द्यावी. मुलीच्या अंगावर ती चढवून स्वतः न्यायी म्हणवून घ्यावे, हे बरे नव्हे. सौभाग्यवतीने हे आमच्यापेक्षा थोडक्यात सांगितले. ती म्हणाली, "तुमची तत्त्वे तुमच्या दंडावर टोचून घ्या."

येथे कोणी म्हणेल, की सरकारनेच ही लस सर्वांना का देऊ नये? प्रश्न संपला! असे म्हणणे सोपे आहे, विशेषतः ज्याने कधी अंदाजपत्रकाची फाइल हाताळलेली नाही त्याला. आपल्या देशात या रोगाच्या साथी आल्या आहेत: दिल्लीत १९६६, १९८५ आणि २००५ साली, मेघालय व त्रिपुरात २००८-०९ साली. पण नित्यनेमाने तो मुलांना फार मोठ्या संख्येने मारतो असे दिसत नाही. गोवर, अतिसार, न्यूमोनिया हे खरे मारेकरी. ज्या रुपयात एका मुलाला ही लस द्यावयाची, त्याच रुपयात अनेक मुलांना गोवराची देता येते. न्यूमोनियाची लस देशात २०१७ मध्ये काही ठिकाणी सुरू झाली, त्यांत उत्तर प्रदेशातील जिल्हे होते, आणि साऱ्या देशात पोहोचण्यास २०२१ उजाडले. रांग आहे, आणि रांगेत पुढे कोणास उभे करावयाचे, हे कोणाला तरी ठरवावे लागते.

ब्रिटनसारख्या धनवान देशालाही ते ठरवावे लागले. २०१५ मध्ये त्यांनी 'बी' प्रकारची लस अर्भकांना देण्यास आरंभ केला. २०१६ च्या फेब्रुवारीत एक दोन वर्षांची मुलगी या रोगाने गेली. वयामुळे ती त्या कार्यक्रमात बसत नव्हती. तिचे रुग्णशय्येवरील छायाचित्र देशभर गेले, आणि सर्व लहान मुलांना लस द्यावी या अर्जावर आठ लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. पार्लमेंटकडे आलेल्या अर्जांवर तोवर इतक्या सह्या कधी झाल्या नव्हत्या. सरकारने नाही म्हटले. खर्चाच्या मानाने लाभ पुरेसा नाही, असे कारण दिले. आम्ही ते उत्तर वाचले तेव्हा प्रथम संताप आला. नंतर लाज वाटली, कारण अगदी त्याच भाषेत आम्ही स्वतः अनेक अर्जांवर टिपणे लिहिलेली आहेत. आणि खरे सांगावयाचे तर, त्या अर्जाचे उत्तर लिहिणाऱ्या कारकुनाला आम्ही दोषी ठरवू शकत नाही. ज्या मुलीचे छायाचित्र पाहिले ती डोळ्यांपुढे राहते. ज्या दुसऱ्या मुलाचे प्राण तोच पैसा दुसरीकडे खर्च केल्याने वाचले, त्याचे छायाचित्र कोणी काढलेले नसते, कारण त्याला काही झालेलेच नसते.

या संदर्भात एक गोष्ट पुण्याची आहे, आणि ती पुण्याच्या लोकांनाच फारशी ठाऊक नाही. आमच्या बहिणीचे घर हडपसरला आहे. तेथून हाकेच्या अंतरावर १९६६ साली स्थापन झालेली सीरम इन्स्टिट्यूट. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेल्या पट्ट्यात हा रोग कोरड्या वाऱ्यांच्या दिवसांत वणव्यासारखा येतो. १९९६-९७ च्या साथीत तेथे अडीच लाखांवर माणसे आजारी पडली आणि सुमारे पंचवीस हजार मेली. धनवान देशांतील कारखानदारांची लस त्या देशांना परवडणारी नव्हती. अर्धा डॉलरसुद्धा न पडता मात्रा मिळाली पाहिजे, असे तेथील सरकारांचे म्हणणे होते. ती लस पुण्यात झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ या संस्थेच्या योजनेखाली 'ए' प्रकारावरील ही लस डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो या देशात प्रथम दिली गेली, आणि दिली गेली ती एक ते एकोणतीस वर्षांच्या सर्वांना, कारण मुक्काम उठवावयाचा तर तरुणांना वगळून चालत नाही. तीस कोटींहून अधिक लोकांनी ती घेतली. 'ए' प्रकारचा रोग त्या पट्ट्यातून जवळजवळ नाहीसा झाला. पुढे पाच प्रकारांवरील एकत्रित लसही पुण्यातच झाली. २०२३ साली तिला जागतिक संघटनेची मान्यता मिळाली आणि २०२४ मध्ये नायजेरियाने ती सर्वांआधी वापरावयास घेतली.

भाच्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे मामा, माझ्या शाळेच्या बसमधून जिची भिंत रोज दिसायची तिथली लस नायजेरियात जाते, आणि मला मात्र परदेशी लस पाच हजारांना?" त्याला यात अन्याय दिसला. आम्हांस दिसत नाही. वस्तू जेथे तयार होते तेथल्यांचा तिच्यावर पहिला हक्क, हा न्याय हापूस आंब्याला लावावा. औषधाला गरजेचा न्याय लागतो. आणि ज्या माऊलीच्या गावात दर काही वर्षांनी हा वणवा येतो, तिचा हक्क आमच्या भाच्याच्या हक्काहून मोठा आहे. त्या कोट्यवधी दंडांतील एकही आमच्या ओळखीचा नाही, तरीही हडपसरच्या त्या भिंतीविषयी आम्हांस अभिमान वाटतो.

इथवर आमचा हिशेब जुळत आला होता. रोग आपल्याकडे विरळ. सरकारचा क्रम योग्य. डॉक्टरांचा सल्ला स्पष्ट. एकट्याने घेतलेल्या लसीने समाजाचे काही अडत नाही की साधत नाही. तेव्हा कन्येला लस घेण्याचे कारण नाही. अशी टीप आम्ही मनातल्या मनात लिहून खाली सही केली. भाचा अमेरिकेस गेला.

ऑगस्टमध्ये एका रात्री कन्येला ताप चढला. दोन वाजता ती डोके दुखते म्हणून रडत उठली आणि वांती झाली. पावसाळ्यात लखनौत घरोघर ताप असतो. हे आम्हांस दिवसा ठाऊक असते. रात्री दोन वाजता आम्ही तिला उठवून बसविले आणि हनुवटी छातीला टेकव म्हणालो. तिला ते झोपेत कळेना. आम्ही पुन्हा सांगितले. विजेरी घेऊन तिच्या पायांवर, पोटावर ठिपके आहेत का पाहिले. काचेचा पेला दाबून पाहिला. पुस्तकी ज्ञान माणसाला शहाणे करते म्हणतात, त्या रात्री त्याने आम्हांस केवळ भित्रे केले. सौभाग्यवती ओल्या फडक्याची घडी बदलीत होती. आम्ही सहज म्हणून बोलून गेलो, की हा रोग लाखांत एखाद्याला होतो. तिने वर न बघता म्हटले, "तुमच्या फायलीत लाखांत एक असेल. माझ्या घरात एकात एक आहे."

पहाटे ताप उतरला. साधाच ताप होता. तिसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. जंतू बदलला नव्हता, आकडे बदलले नव्हते, आमच्या टिपणातील एकही वाक्य खोटे ठरले नव्हते. तरीही त्या रविवारी आम्ही कन्येला घेऊन डॉक्टरांकडे गेलो आणि लस टोचून आणली. या खर्चाचे समर्थन आम्हांस कोणत्याही फाइलवर करता येणार नाही. सरकारने आमच्यासारखे वागावे असे आम्ही म्हणणार नाही, आणि बापाने सरकारसारखे वागावे असेही आता म्हणवत नाही. दोघांची कामे निराळी आहेत. एकाच देहात दोघे राहतात तेव्हा रात्री दोन वाजता कोण बोलेल याचा नेम नसतो, एवढे मात्र कळले.

परंतु आम्हांस खरोखर बोचली ती गोष्ट पुढेच आहे, आणि ती या लसीची नव्हे.

कन्येच्या तापाच्या दुसऱ्या दिवशी कामाची बाई उशिरा आली. तिचा धाकटा मुलगा दीड वर्षाचा; त्यालाही ताप होता. सौभाग्यवतीने सहज विचारले, याच्या लसी झाल्या ना? बाईने पिशवीतून कार्ड काढून दाखविले. नऊ महिन्यांचा गोवराचा रकाना कोरा, पुढचेही कोरे. आम्ही जरा अधिकाराच्या स्वरात विचारले, की सरकार फुकट देते, घराजवळ देते, आशा कार्यकर्ती बोलावण्यास येते, मग का नाही नेले? ती खाली पाहून म्हणाली, "बुधवार और सनीचर को लगता है, बाबूजी. दोनों दिन तो काम पर रहती हूँ."

पाच घरांची कामे. सकाळी सातला निघते ती चारला परतते. तोवर लसीची पेटी केंद्रावर परत गेलेली असते. दोन घरे खाड्याचे पैसे कापतात. आम्ही कापीत नाही, याचा आम्हांस थोडा अभिमानही होता. पण ती न सांगता राहिली की आमच्या घरात दिवसभर जे वातावरण असते ते तिला पुरते ठाऊक आहे. तिने कधी विचारले नाही, आणि आम्ही कधी सांगितले नाही की बुधवारी नको येऊस.

तीन महिने आम्ही जिनीव्हापासून नायजेरियापर्यंत न्यायाचा शोध घेत होतो. विरळ रोगाची लस घ्यावी की न घ्यावी यावर रात्री जागवीत होतो. आणि ज्या रोगाने आजही मुले मरतात, ज्याची लस सरकार फुकट देते, जी न घेतलेले एक मूल साऱ्या गल्लीला धोका होऊ शकते, तिच्या आड आमच्या मोरीतील भांडी आली होती. आमच्या भाच्याच्या विद्यापीठाने लस मागितली; आमच्या सहकाऱ्याकडे ती परक्या देशाने मागितली. या पोराच्या लसीचा हिशेब आमच्या दाराशी नऊ महिने थकलेला होता आणि कोणी मागत नव्हते.

पुढच्या बुधवारी आम्ही अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकली. उरलेल्या चार घरांपैकी तिघांशी सौभाग्यवती बोलली. चौथ्या घरी तिने स्वतः जाऊन भांडी घासण्याची तयारी दाखविली, तेव्हा तेथील बाईंनी ओशाळून सुट्टी दिली. अंगणवाडीच्या खोलीत बारा-पंधरा बाया मुले घेऊन बसल्या होत्या. परिचारिकेने बर्फाच्या पेटीतून कुपी काढली. आम्ही सवयीप्रमाणे छापील अक्षरे वाचावयास गेलो. कुपीवर पुणे हे नाव होते. पोराने सुई टोचताच असा काही आवाज काढला की रांगेतील सगळी मुले रडू लागली. बाई त्याला खांद्यावर घेऊन थोपटीत होती आणि दुसऱ्या हाताने कार्ड पुढे करीत होती.

गोवराची दुसरी मात्रा चार आठवड्यांनी द्यावयाची आहे. परिचारिकेने तारीख घालून दिली. तो दिवसही बुधवारच आहे.